वैडूर्य म्हणजे कोणतें रत्न? : रत्नपरीक्षेच्या ग्रंथांची चिकित्सा

पुण्याच्या रविवार पेठेंत एखाद्या सराफाच्या पेढीवर आज वैडूर्य मागितलें तर पेढीवाला लसण्या काढून दाखवितो. कै. वामन शिवराम आपटे यांचा १८९० सालीं निघालेला संस्कृत-इंग्रजी कोश उघडला तर त्याच शब्दापुढें जो इंग्रजी अर्थ दिला आहे तो लाजवर्द या निळ्या व अपारदर्शक दगडाचा. आणि कालिदासाचें मेघदूत काढून पाहिलें तर यक्षाच्या घरच्या वापींतील सुवर्णकमलांचे देंठ वैडूर्याचे आहेत. म्हणजे कवीच्या डोळ्यांपुढें हिरवी छटा उभी आहे. साक्षीदार तीन, आणि रत्नेंही तीन. तिघांचाही प्रामाणिकपणा गृहीत धरला तरी तिघांचें म्हणणें एकाच काळीं व एकाच अर्थानें खरें असूं शकत नाहीं. या एका शब्दाच्या निमित्तानें आमच्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांची चिकित्सा करावी, त्यांतील कोणती साक्ष ग्राह्य व कोणती अग्राह्य हें ठरविण्याचे कांहीं नियम सांपडतात कीं काय तें पाहावें, आणि जुन्या पोथ्या व कागद बाळगणाऱ्या सज्जनांस त्यावरून दोन गोष्टी सुचवाव्या, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या प्रश्नाकडे आमचें लक्ष कसें गेलें तें सांगणें अवश्य आहे, कारण त्यांत चूक आमची आहे. आम्हीं अनेक वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. मेघदूतांतील तो श्लोक आला कीं कोशांतील अर्थ आम्ही फळ्यावर लिहून देत असूं. एका वर्षीं सराफीचा धंदा करणाऱ्या घरांतील एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, लाजवर्द निळा असतो. कमळाचा देंठ निळा कसा?” ही कविकल्पना आहे असें सांगून आम्हीं त्याला खालीं बसविलें. कोश आमच्या हातांत होता व दगड त्यानें पाहिला होता. प्रमाण कोणतें मानावयाचें याचा विचार आम्हीं त्या वेळीं केला नाहीं. तो विचार आतां करीत आहों.

(१)

रत्नपरीक्षेचें वाङ्मय लहान नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील, राजकोशांत घ्यावयाच्या रत्नांचें प्रकरण, वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील हिरा, मोतीं, पद्मराग व मरकत यांवरचे अध्याय, बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा व तिच्याशीं फार मोठ्या अंशानें जुळणारा गरुडपुराणांतील भाग, अगस्तिमत, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासांतील (सुमारें ११३०) रत्नविचार, ठक्कुर फेरू यानें अल्लाउद्दीन खिलजीच्या दिल्लींत १३१५ सालीं प्राकृतांत रचलेली रयणपरिक्खा, आणि औषधाच्या दृष्टीनें रत्नांचा विचार करणारे रसरत्नसमुच्चय व राजनिघंटु, ही त्यांतील मुख्य मालिका होय. यांपैकीं बुद्धभट्ट, अगस्तिमत, नवरत्नपरीक्षा इत्यादि प्रकरणें लुई फिनो या फ्रेंच पंडितानें १८९६ सालीं पॅरिस येथें एकत्र छापलीं व त्यांचें फ्रेंच भाषांतर दिलें. या विषयाचा शास्त्रीय अभ्यास तेथून सुरू झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्यापूर्वीं कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोर यांनीं मणिमाला नांवाचा संग्रह काढला होता. पण त्यांत जुनें वचन व नवा समज यांचा निवाडा झालेला नाहीं.

या ठिकाणीं कालक्रमाची एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें १९०९ सालीं छापलें. म्हणजे आपटे यांस किंवा फिनो यांस तें पाहावयास मिळालेलें नव्हतें. उलट रसरत्नसमुच्चय पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९० सालींच छापला होता. आपटे यांचा कोश व तो ग्रंथ एकाच वर्षीं निघाले. त्यामुळें एकाचा उपयोग दुसऱ्यास झाला नाहीं, यांत आश्चर्य नाहीं व दोषही नाहीं. दोष आहे तो त्यानंतर शंभर वर्षें दोन्ही पुस्तकें एकाच कपाटांत ठेवून ती एकमेकांशीं ताडून न पाहणाऱ्या आमच्यासारख्यांचा.

हे ग्रंथ बारकाईनें वाचले असतां त्यांत दोन हात दिसतात. एक पौराणिकाचा, दुसरा रत्नें हाताळणाऱ्या व्यापाऱ्याचा. पौराणिकाचा हात कथा सांगतो. देवांच्या यज्ञांत बल नामक असुरानें आपला देह दिला, त्याच्या अस्थींचे हिरे झाले, दातांचीं मोत्यें, रक्ताचे पद्मराग, पित्ताचे मरकत, नेत्रांचे इंद्रनील, त्वचेचा पुष्पराग आणि त्याच्या गर्जनेपासून वैडूर्य झालें. कथा सुरस आहे, व ती लक्षांत ठेवण्याची युक्ति म्हणून उपयोगाचीही असावी. पण तीवरून रत्नाचें ज्ञान होत नाहीं. उत्तम हिरा पाण्यावर तरतो असें वराहमिहिर सांगतो तेंही याच जातीचें. हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड आहे. तो कोणत्याही काळीं व कोणत्याही पात्रांत बुडावयाचाच. हें वचन लिहिणारानें हिरा पाण्यांत टाकून पाहिलेला नाहीं, हें उघड आहे. आणि तरी हलकेपणाचें हें कौतुक नंतरच्या ग्रंथांतही पुनः पुनः येतें. एकाचें वाचून दुसऱ्यानें लिहिलें, याचा याहून चांगला पुरावा नको.

पण त्याच पोथींत दुसरा हात दिसूं लागला कीं वाचक थक्क होतो. हिरा इतर सर्व रत्नांवर व धातूंवर ओरखडा काढतो, त्याच्यावर मात्र दुसऱ्या कशानेंही ओरखडा निघत नाहीं, असें बुद्धभट्टाच्या परंपरेंत स्पष्ट आहे, व तें अक्षरशः खरें आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, पद्मराग व इंद्रनील हीं दोन्ही रत्नें सिंहलद्वीपांत होतात असें सांगून, पद्मरागाची ज्या खुणांनीं परीक्षा करावयाची त्याच खुणा इंद्रनीलालाही लावाव्या, असें हा ग्रंथकार म्हणतो. एक तांबडें, एक निळें. डोळ्यांस तर त्यांत कांहींच साम्य नाहीं. परंतु आजचें खनिजशास्त्र सांगतें कीं माणिक व नीळ हीं एकच खनिज होय. दोन्ही ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे स्फटिक. क्रोमियमचा अल्पसा अंश आला कीं तांबडा रंग येतो, लोह व टिटॅनियम आलें कीं निळा. या खनिजास युरोपांत जें कोरंडम असें नांव आहे तें तमिळ शब्दावरून गेलें, आणि आमच्या ग्रंथांत पद्मरागाच्या एका जातीला कुरुविंद म्हटलें आहे. रसायनाची साधनें हातीं नसतां केवळ काठिण्य, वजन व झळाळी यांवरून ज्या माणसानें हीं दोन रत्नें एका कसोटीखालीं आणलीं तो कोणी पुराणिक नव्हे. त्याच्या बोटांना रत्नांची सवय होती. म्हणून पहिला नियम असा करतां येतो : जेथें ग्रंथ उत्पत्ति सांगतो तेथें त्याला कथा समजावें, जेथें तो कसोटी सांगतो तेथें थांबून वाचावें.

(२)

आतां वैडूर्याकडे वळूं. सर्वांत जुनी तपशीलवार साक्ष कौटिल्याची. त्यानें वैडूर्याचे प्रकार सांगितले ते असे : नीलकमलाच्या रंगाचें, शिरीषपुष्पासारखें, पाण्याच्या रंगाचें, वेळूच्या रंगाचें, पोपटाच्या पिसासारखें, आणि याच यादींत पुढें पुष्यराग, गोमूत्रक व गोमेदक. वाचकांनीं येथें थांबावें. पुष्यराग आणि गोमेद हीं ज्यांना आम्ही आज स्वतंत्र रत्नें मानतों, नवरत्नांत ज्यांना स्वतंत्र कोंदण देतों, तीं कौटिल्याच्या लेखीं वैडूर्याचे पोटभेद आहेत. म्हणजे त्या काळीं वैडूर्य हें एका रंगाच्या रत्नाचें नांव नसून एका मोठ्या जातीचें नांव होतें, व त्या जातींत निळसर, पाणेरी, हिरवा व पिवळा इतक्या छटा मावत होत्या. आज ज्याला इंग्रजींत बेरिल म्हणतात त्या खनिजाच्या नेमक्या याच छटा आहेत. कमळाच्या देंठाचा प्रश्न येथें सुटतो. कालिदासानें कल्पना केली ती सुवर्णकमलांची. देंठाचा रंग त्यानें जसा पाहिला तसाच सांगितला.

बुद्धभट्टाची परंपरा याच अर्थाला पुष्टि देते. मयूराच्या कंठासारखें व वेळूच्या पानासारखें वैडूर्य तींत श्रेष्ठ मानलें आहे. या ‘मयूरकंठा’मुळेंच बहुधा लाजवर्दाचा समज वाढला असावा, व तो अगदींच निराधार होता असें आम्ही म्हणत नाहीं. कुमारसंभवांत पार्वतीच्या मंगलस्नानाच्या जागीं वैडूर्याच्या शिला बसविल्या आहेत. शिला म्हटल्यावर मोठाले तुकडे निघणारा लाजवर्द कोणाच्याही मनांत येईल. पण मेघदूतांतल्या त्याच वापीला मरकतशिलांच्या पायऱ्या आहेत, आणि पाचेच्या पायऱ्या कोणीं पाहिल्या नाहींत. आकार हा कवीच्या अतिशयोक्तीचा विषय आहे, त्यावरून खनिज ठरवितां येत नाहीं. रंगाची उपमा मात्र पाहिल्यावांचून सुचत नाहीं.

लाजवर्दाचा पक्ष अखेर पडतो तो रसरत्नसमुच्चयामुळें. त्या ग्रंथांत उत्तम वैडूर्य स्वच्छ असावें असें सांगून, त्याच्या पोटांत शुभ्र उपरण्यासारखें कांहीं फिरत असल्याप्रमाणें दिसतें अशी खूण दिली आहे. लाजवर्दास स्वच्छ म्हणजे पारदर्शक कोणीही म्हणणार नाहीं. शिवाय त्या ग्रंथांत राजावर्त निराळा सांगितलाच आहे, व राजावर्त म्हणजे लाजवर्द याविषयीं वाद नाहीं. मग फिरणारें शुभ्र उपरणें ज्यांत आहे असें रत्न कोणतें? लसण्या हातांत घेऊन दिव्याखालीं हालवून पाहावा. पांढऱ्या प्रकाशाची एक रेघ त्याच्या पाठीवरून इकडून तिकडे सरकते. तीच ही रेघ. राजनिघंटूंत वैडूर्याच्या तीन छटा दिल्या आहेत : वेळूचें पान, मयूरकंठ आणि मांजराचा डोळा. पहिल्या दोन जुन्या परंपरेच्या, तिसरी नव्या अर्थाची. शब्दाच्या अर्थाचें संक्रमण एका श्लोकांत असें क्वचितच पकडतां येतें.

यावरून आमचा निष्कर्ष असा : प्राचीन ग्रंथांत व काव्यांत वैडूर्य म्हणजे बेरिलची जात, मध्ययुगांत त्या शब्दाचा अर्थ सरकून लसण्यावर स्थिरावला, लाजवर्द हा अर्थ कोणत्याही काळीं नव्हता. रविवार पेठेंतला सराफ आणि कालिदास दोघेही बरोबर आहेत, त्यांच्यामध्यें काळ गेला आहे. चुकला तो कोश, आणि त्याच्यामागून आम्ही.

या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. प्राकृतांत वैडूर्याचें वेळुरिय झालें. ग्रीकांनीं या रत्नाबरोबर तें नांवही उचललें व त्याचें बेरिल्लोस केलें. त्यापासून युरोपांतील बेरिल आला. जर्मन भाषेंत चष्म्याला जें नांव आहे तें यावरूनच, कारण पूर्वीं भिंगें या जातीच्या पारदर्शक दगडाचीं करीत. ग्रीक शब्दावरूनच अरबींतील स्फटिकवाचक बिल्लौर शब्द आला असें व्युत्पत्तिज्ञ मानतात, व फारसीच्या वाटेनें तो आमच्याकडे परतला. आमच्या घरांतला बिलोरी आरसा हा अशा रीतीनें वैडूर्याचा दूरचा नातलग ठरतो.

(३)

नांवावरून जसें रत्न ठरत नाहीं, तशी खाणही ठरत नाहीं. वैडूर्य हा शब्द विदूर या स्थळनामावरून पाणिनीनें साधला आहे. त्यावर पतंजलीची शंका मार्मिक आहे. हा मणि विदूर येथें होतच नाहीं, तो वालवाय पर्वतावर होतो, विदूर येथें त्यावर फक्त संस्कार करतात; मग विदूरावरून नांव कसें? याला त्यानें दिलेल्या उत्तरांपैकीं एक असें कीं, व्यापारी जसें वाराणसीला जित्वरी म्हणतात, तसें वैयाकरण वालवायालाच विदूर म्हणत असावेत. आम्हांस त्यांतील शंकाच अधिक मोलाची वाटते. रत्नाला नांव मिळतें तें जेथें तें जन्मतें तेथलें नव्हे, तर जेथें त्याला पैलू पडतात किंवा जेथें तें विकतें तेथलें, हें निरीक्षण दोन हजार वर्षांपूर्वींचें आहे.

याची उदाहरणें हवीं तितकीं देतां येतात. गोवळकोंड्याचे हिरे जगप्रसिद्ध. पण गोवळकोंडा हा किल्ला व बाजार, खाणी तेथून दूर कृष्णेच्या कांठीं कोल्लूर वगैरे ठिकाणीं. बसऱ्याचीं मोत्यें इराणच्या आखातांतील. बसरा ही त्यांची पेठ. पिरोज्याला युरोपांत तुर्की दगड या अर्थाचें नांव, आणि खाण इराणांत निशापुराजवळ. वराहमिहिरानें हिऱ्यांचीं स्थानें देतांना शूर्पारकाचा काळा हिरा सांगितला आहे. शूर्पारक म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यांतील सोपारा. तेथील काळ्या दगडांत हिरा नाहीं. तेथें बंदर होतें.

आमच्या इतिहासांतील ठळक उदाहरण म्हणजे नाशिकचा हिरा. हा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानांतील. दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावाबरोबर १८१८ सालीं तो इंग्रजांच्या हातीं गेला व लंडनला विकला गेला. त्या वेळीं त्याचें वजन सुमारें ९० कॅरट होतें. आमच्या कारागिरांची रीत वजन राखण्याची. लंडनच्या जवाहिऱ्यांनीं चमक वाढविण्यासाठीं तो पुन्हां कापविला व सुमारें ८० कॅरटांवर आणला. १८३७ मध्यें तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसानें घेतला. पुढें अमेरिकेंत हॅरी विन्स्टन यानें १९४० सालीं त्याला आणखी कापून ४३.३८ कॅरटांचा केला. म्हणजे त्र्यंबकेश्वराच्या देवापुढें जो हिरा होता त्याचा निम्म्याहून अधिक भाग आज अस्तित्वांत नाहीं, आणि उरलेल्या भागाचें नांव ज्या नाशिकावरून पडलें त्या नाशिकास हिऱ्याची खाण कधींच नव्हती. उद्यां एखाद्या संशोधकानें केवळ या नांवावर भिस्त ठेवून नाशिकास खाण शोधली तर त्याला आपण हंसूं. पण शूर्पारकाच्या बाबतींत तसाच तर्क करणारांस हंसत नाहीं.

हाच नियम मनांत धरून वराहमिहिराच्या पहिल्याच स्थानाकडे पाहावें. शुद्ध हिरा वेणातटीं होतो असें तो म्हणतो. वेणा म्हणजे कृष्णवेणा, अर्थात् कृष्णा, असें एक मत; वैनगंगा, असें दुसरें. दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांत हिरे निघालेले आहेत, त्यामुळें वाद खरा आहे. कृष्णेच्या बाजूला कोल्लूर आहे; परंतु कोल्लूरची कीर्ति सतराव्या शतकांतील, टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याच्या वेळची. वैनगंगेच्या खोऱ्यांत आजच्या गडचिरोली जिल्ह्यांत वैरागड आहे, व वऱ्हाड सुभ्यांतील त्या स्थळाची हिऱ्याची खाण ऐने-अकबरींत नोंदलेली आहे. शिवाय कौटिल्यानें हिऱ्याचें पहिलें स्थान सभाराष्ट्र सांगितलें असून त्याचा अर्थ टीकेंत विदर्भ असा दिला आहे. दोन निरनिराळ्या परंपरांच्या याद्या विदर्भाच्या दिशेस बोट दाखवितात, आणि तेथें बंदर किंवा मोठी पेठ नसून प्रत्यक्ष खाण होती. म्हणून आमचा कल वैनगंगेकडे आहे. हा कल आहे, निर्णय नव्हे. वैरागडच्या जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून कालनिर्णायक कांहीं वस्तु निघाल्या तरच तो निर्णय होईल.

(४)

रत्नांचा व ग्रहांचा जो संबंध आज घरोघर सांगितला जातो त्याचीही येथेंच परीक्षा करणें उचित आहे, कारण बाजारांत ‘शास्त्रांत आहे’ हे दोन शब्द रत्नाहून महाग विकले जातात. सूर्याचें माणिक, चंद्राचें मोतीं, मंगळाचें पोवळें, बुधाची पाच, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीची नीळ, राहूचा गोमेद व केतूचें वैडूर्य, हा क्रम रसरत्नसमुच्चयांत आहे व त्यानंतर सर्वत्र आढळतो. पण वराहमिहिर हा स्वतः ज्योतिषी. त्यानें बृहत्संहितेंत बावीस रत्नांची गणना केली, चांगल्या रत्नानें राजाचें शुभ व सदोष रत्नानें अशुभ होतें असेंही म्हटलें. परंतु नऊ ग्रहांस नऊ रत्नें वांटून देण्याची ही योजना त्या अध्यायांत नाहीं. उलट त्याच्याच बृहज्जातकांत ग्रहांचीं द्रव्यें दिलीं आहेत तेथें सूर्याकडे तांबें व शुक्राकडे मोतीं आहे. आज जें मोतीं चंद्रासाठीं विकलें जातें तें वराहमिहिराच्या मतें शुक्राचें! आणि ज्या कौटिल्याच्या काळीं गोमेद हें वैडूर्याचेंच पोटनांव होतें, त्या काळीं राहूला गोमेद व केतूला वैडूर्य अशी वांटणी संभवतच नाहीं. एकाच रत्नाचे दोन भाग करून ते दोन ग्रहांस कोण देईल?

श्री. प. कृ. गोडे यांनीं भांडारकर संस्थेच्या नियतकालिकांत १९३८-३९ च्या सुमारास नथ या अलंकाराविषयीं लिहितांना, प्राचीन ग्रंथांचें मौन हाही पुरावा असतो हें दाखवून दिलें होतें. तीच रीत येथें लागू करावी. नवग्रहांची नऊ रत्नें हा विचार मागाहूनचा आहे. तो मागाहूनचा असल्यामुळें कोणी तो मानूं नये असें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु कन्येच्या विवाहास विलंब झाला म्हणून कर्ज काढून पुष्कराज घेणाऱ्या गृहस्थास तें वचन वराहमिहिराचें म्हणून सांगणें हा खोटेपणा आहे, व तो उघड करणें हें संस्कृत जाणणाराचें कर्तव्य आहे. संग्राहकांस या चर्चेचा दुसराही उपयोग आहे. एखाद्या पोथींत ग्रहवार नवरत्नें असलीं, आणि वैडूर्याचें वर्णन फिरत्या रेघेचें असलें, तर मुखपृष्ठावर अगस्त्याचें नांव असो वा व्यासाचें, त्या भागाची रचना जुन्या थराची मानतां येणार नाहीं.

(५)

शेवटीं आमच्या मराठी कागदांविषयीं. राजाराम महाराजांच्या आज्ञेनें जिंजी येथें लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत रायगडावरील सिंहासनाचें बत्तीस मण सोनें व त्यांत कोशांतून निवडून जडविलेलीं मोलाचीं रत्नें यांचा उल्लेख आहे. पेशवाईच्या कागदांत शिरपेंच, कलगी, तुरा, चौकडा, कंठी यांच्या नोंदींत हिरे, माणकें, पाचा, लाल, मोत्यें यांचीं नांवें येतात. हे कागद छापतांना संपादक कंसांत आधुनिक अर्थ देतात, तेथें घोटाळा होतो. लाल या शब्दापुढें ‘माणिक’ लिहिलेलें आम्हीं किती तरी वेळां पाहिलें. परंतु लाल आणि माणिक हीं दोन निराळीं रत्नें आहेत. लाल मुख्यतः बदख्शानांतून येई. तें माणकाहून कमी कठीण असून त्याचें खनिजही निराळें आहे. युरोपांत हा भेद १७८३ च्या सुमारास रोमे द लील यानें शास्त्रीय रीतीनें मांडला, आणि इंग्लंडच्या राजमुकुटांतील ‘माणिक’ म्हणून नांवाजलेला दगड लालच आहे हें पुढें ठरलें. उलट अल्-बेरूनीला अकराव्या शतकांत वजनावरून हा भेद ठाऊक होता. आमच्या कारकुनानें यादींत ‘लाल’ एका ओळींत व ‘माणिक’ दुसऱ्या ओळींत लिहिलें तें हौसेनें नव्हे. त्यानें राखलेला भेद संपादकानें पुसूं नये.

पाचेचेंही तसेंच. जुन्या ग्रंथांत मरकताचें स्थान दूरच्या देशाकडे आहे. पण सोळाव्या शतकानंतर दक्षिण अमेरिकेंतील कोलंबियाच्या खाणींची पाच स्पॅनिश व पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातून गोव्याच्या बाजारांत येऊं लागली, व हिंदुस्थानांतील दरबारांत मोठ्या पाचा वाढल्या. निजामाच्या संग्रहांतील कांहीं पाचांची ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून परीक्षा होऊन २००० सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांतही कोलंबियाची साक्ष निघाली. तेव्हां पेशवाईच्या यादींतील पाचेला बुद्धभट्टाचा श्लोक जोडणें म्हणजे पणजोबांचा दाखला पणतवाला लावणें होय. पुष्कराजाचा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. कोशांत त्याचा अर्थ टोपाझ दिला जातो. सराफ मात्र पुष्कराज म्हणून पिवळ्या नीळेच्या जातीचा खडा देतो, म्हणजे तोही माणकाचाच भाऊ. आणि टोपाझ या नांवानें प्राचीन ग्रीक जें ओळखत तें तांबड्या समुद्रांतील एका बेटावरचें हिरवट रत्न होतें. नांवें सरकण्याचा हा रोग केवळ आमच्याकडचा नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, नक्कल करतांना रत्नाचें नांव जसें असेल तसेंच लिहावें. शुद्ध करण्याच्या भरांत ‘लसण्या’चें वैडूर्य किंवा ‘पाचे’चें मरकत करूं नये. दुसरी, रत्नाच्या नांवाशेजारीं रती, मासे, टांक यांचे आंकडे व किंमत असेल तर ती गाळूं नये; वजन आणि किंमत यांवरून रत्नाची जात ओळखण्याची कधीं कधीं तेवढीच एक वाट उरते. वराहमिहिरानेंही वीस तांदूळ वजनाच्या हिऱ्याला दोन लक्ष मूल्य सांगून पुढें वजनाच्या उतरत्या क्रमानें मूल्य दिलें आहे, तें यासाठींच आज उपयोगी पडतें. तिसरी, बाडांतलीं फुटकळ पानें टाकूं नयेत. दोन स्तोत्रें, एक औषधी पाठ आणि मध्येंच ‘रत्नाची परीक्षा’ असें चार ओळींचें टिपण, असें पान बाजारांत कवडीच्या मोलाचें. पण तें बहुधा एखाद्या धंदेवाल्यानें स्वतःच्या उपयोगासाठीं लिहिलेलें असतें, व वर सांगितलेल्या दोन हातांपैकीं दुसरा हात तेथेंच सांपडण्याचा संभव अधिक. मोठ्या ग्रंथांच्या प्रती भांडारकर संस्थेंत व आनंदाश्रमांत सुरक्षित आहेत. तीं चार ओळींचीं पानें मात्र ज्याच्या घरीं आहेत त्याच्याच हातीं आहेत.

वैडूर्याच्या अर्थसंक्रमणाविषयीं आम्हीं जें म्हटलें तें उपलब्ध मुद्रित ग्रंथांवर आधारलेलें आहे. पोटांत फिरती शुभ्र रेघ असलेल्या वैडूर्याचें वर्णन रसरत्नसमुच्चयापूर्वींच्या एखाद्या निश्चित काळाच्या पोथींत कोणास आढळलें तर आमचा कालक्रम तितका मागें न्यावा लागेल, व तसें झाल्यास आम्हांस आनंदच होईल. तोंपर्यंत आमच्या जवळच्या कोशाच्या समासांत त्या शब्दापुढें आम्हीं पेन्सिलीनें दोन अर्थ लिहून ठेवले आहेत : प्राचीन, बेरिल, अर्वाचीन, लसण्या. लाजवर्दावर रेघ मारली आहे. ती रेघ त्या मुलानें प्रश्न विचारला त्याच दिवशीं मारावयास हवी होती.